पॅलिएटिव्ह पेशंटला घरी भरवताना: ताट लहान करण्यापासून थांबण्यापर्यंत

मिरजेतून मामांना घरी आणलं तेव्हा डिस्चार्ज कार्डावर खाण्याबद्दल एकच ओळ होती: 'सॉफ्ट, हाय प्रोटीन डाएट'. मामा म्हणजे माझे सासरे. वय त्र्याहत्तर, अन्ननलिकेचा कॅन्सर. यापुढं उपचार आजारावर नाहीत, त्रासावर, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. त्यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. त्या दुपारी मी भाकरी कुस्करून दूध, मुगाची आमटी, उकडलेलं अंडं आणि केळं असं सगळं प्रोटीन एकाच ताटात वाढलं. मामांनी ताटाकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

पुढच्या साडेचार महिन्यांत जे कळलं ते क्रमानं लिहितेय. मी नर्स नाही, आहारतज्ज्ञही नाही. तासगाव तालुक्यातल्या एका घरची सून आहे. औषधं आणि डोस तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. बाकी जे कुणी सांगत नाही, ते इथं आहे. पेशंट कॅन्सरचाच असेल असं नाही. किडनी, हृदय, लकवा, पार्किन्सन, फुप्फुसाचा जुना आजार, या घरांतही हेच प्रश्न पडतात. जिथं फरक आहे तिथं सांगते.

१. दवाखान्यातून निघण्याआधी विचारून घ्या

घरी पोहोचल्यावर फोन लागत नाही, लागला तर डॉक्टर ओपीडीत असतात. म्हणून हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं तिथंच उतरवून घ्या:

- गिळायला नेमकी अडचण कुठं आहे? पातळ द्यायचं की दाटसर?
- शुगर, मीठ, पाणी यांची जुनी पथ्यं अजून पाळायची का?
- उलटीची आणि दुखण्याची गोळी जेवणाआधी किती वेळ?
- मॉर्फिन (जोरदार दुखण्यावरचं औषध) दिलं असेल तर पुढची बाटली किंवा गोळ्या कुठून मिळणार? (प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच हालचाल करा.)
- रात्री काही झालं तर फोन कुणाला?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि त्यातच घोळ होतो. अन्ननलिका अरुंद झालेली असेल तर घट्ट घास अडकतो, पातळ खाली उतरतं. लकवा किंवा पार्किन्सनमध्ये उलटं: गिळायचे स्नायू वेळेवर, नीट हलत नाहीत, तिथं साधं पाणीच श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो आणि दाटसर पेज बरी पडते. आमच्या शेजारच्या आजींना लकव्यानंतर सगळं 'पातळ, पचायला हलकं' म्हणून वरणाचं पाणी देत होते. प्रत्येक घोटाला ठसका. पेज दाट केली तर खोकला निम्मा झाला.

२. कागदपत्रं आणि सामान

एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये: डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटची औषधांची चिठ्ठी, मॉर्फिनची चिठ्ठी वेगळी, आधार, रेशनकार्ड. फाईल पेशंटच्या खोलीतच ठेवा, कपाटात नको. १०८ ची गाडी आली की सगळ्यात आधी तीच शोधायला लागते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. पण ही योजना दाखल असतानाच्या उपचारांची. घरी लागणारा प्रोटीन पावडरचा डबा त्यात बसत नाही. तो खर्च आपलाच, तेव्हा पहिला डबा सगळ्यात लहान घ्या आणि बिल जपून ठेवा.

सामान: मिक्सर, बारीक गाळणी आणि मलमलचं स्वच्छ फडकं, लहान वाट्या, प्लास्टिकचा लहान चमचा (स्टीलच्या चमच्यानं काहींना तोंडात लोखंडासारखी चव येते), टॉर्च, पाठीमागं लावायला लोड किंवा भाड्याचा डोक्याकडून उचलता येणारा बेड, पंचे दोन-चार, एक वही. वहीत फक्त तीन रकाने: काय घेतलं, उलटी झाली का, शौचाला झाली का. वजनाचा रकाना मी आखला होता, पंधरा दिवसांनी बंद केला. काटा रोज खालीच जायचा आणि ते बघून मामांचा चेहरा पडायचा.

३. 'जेवत नाहीत' याचं कारण आधी शोधा

भूक नाही म्हणून टॉनिक आणायला धावू नका. आधी ही तपासणी करा, वरून खाली.

तोंड. टॉर्च लावून जीभ, गालाची आतली बाजू, टाळू बघा. मामांच्या जिभेवर पांढरा थर दिसायचा, मला वाटायचं दुधाची साय चिकटलीय. आठवडाभर मी ती पुसत होते. गावच्या आशाताई, म्हणजे आशा स्वयंसेविका, सहज म्हणून आल्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, ही साय न्हवं, बुरशी हाय." डॉक्टरांनी तोंडात लावायचं औषध दिलं, चार-पाच दिवसांत मामा आपणहून पेज मागायला लागले. एवढे दिवस मी त्यांना 'खात नाहीत' म्हणून बोलत होते आणि गिळताना त्यांच्या तोंडाची आग होत होती.

रोजच्या तोंडाच्या सफाईला एक पेला कोमट पाणी, पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. खाण्याआधी आणि नंतर चूळ भरायची, गिळायचं नाही. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. कवळी असेल तर तीही बघा. वजन उतरलं की कवळी सैल होते, टोचते, आणि माणूस ते बोलून दाखवत नाही.

पोट. मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच, होईल की नाही हा प्रश्नच नाही. म्हणून पोट साफ व्हायचं औषध मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून चालू हवं. डॉक्टरांनी दिलं नसेल तर आठवण करा. इथला मोठा सापळा म्हणजे इसबगोल. माणूस भरपूर पाणी पीत असेल तर ते ठीक. दिवसाला चार घोट पिणाऱ्याच्या पोटात ते गोळा होऊन बसतं. आपल्याकडं बेदाणा घरोघरी असतो, तो रात्री भिजवून, वाटून, गाळून सकाळी चार चमचे दिला तर थोडी मदत होते, पण औषधाची जागा तो घेत नाही. तीन दिवस शौचाला झाली नाही तर डॉक्टरांना फोन करा. पोट फुगलं आणि उलट्याही होत असतील तर तीन दिवस थांबू नका.

दुखणं. गोळीचा असर उतरलेला असताना ताट पुढं ठेवू नका. आधी गोळी, दुखणं निवलं की जेवण.

मळमळ. मॉर्फिन सुरू केल्यावर पहिले काही दिवस मळमळ होते, मग बहुतेकांची कमी होते. आमच्या घरात खरा गुन्हेगार होता लसणाच्या फोडणीचा वास. दुपारची फोडणी मी मागच्या अंगणातल्या चुलीवर न्यायला लागले. अन्न गरम वाफाळतं न देता कोमट किंवा गार दिलं की वास कमी येतो.

मन. मामा द्राक्षबागेचे मालक, चार गड्यांना जेवू घालणारे. सुनेच्या हातून चमच्यानं खायची लाज त्यांना आजारापेक्षा जड होती. त्यांच्या हातात चमचा द्यायचा, सांडलं तर सांडू द्यायचं. हे उमगायला मला महिना लागला.

४. ताट लहान करा, घास जड करा

तीन वेळचं जेवण विसरा. सकाळी जाग आल्यापासून दर दोन तासांनी अर्धी वाटी काहीतरी. सकाळची भूक बहुतेकांची बरी असते, संध्याकाळी अन्नावरची वासना जाते. तेव्हा ताकदीचं जे काही आहे ते सकाळीच. जेवताना पाणी कमी, नाहीतर पाण्यानंच पोट भरतं.

अर्धीच वाटी जाणार असेल तर ती रिकामी नको. वरणाचं निवळ पाणी, साबुदाण्याची पातळ पेज, ग्लुकोज पावडर, यात जीव नाही. त्याच वाटीत एक चमचा तूप घातलं तर साधारण ४५ कॅलरी वाढतात आणि वाटी तेवढीच राहते. आमच्याकडं जे चाललं:

- नाचणीच्या सत्त्वाची खीर म्हशीच्या सायीच्या दुधात, वर चमचाभर दूध पावडर आणि तूप.
- ज्वारीच्या कण्या खूप मऊ शिजवून, ताक आणि मीठ घालून, मिक्सरला फिरवून.
- हुलग्याचं (कुळथाचं) माडगं, म्हणजे पातळ पेज, तिखट न घालता, गाळून. याची चव त्यांना लहानपणापासूनची, त्यामुळं इतर काही नको असलं तरी हे जायचं.
- शेंगदाण्याचं कूट दुधात उकळून, वाटून, गाळून. गाळणं टाळू नका, एक कणही अडकतो.
- कच्चं किंवा अर्धवट उकडलेलं अंडं देऊ नका. नीट शिजवून मऊभातात कुस्करून.

प्रोटीन पावडर औषध नव्हे, दुधासारखीच एक खायची वस्तू आहे. चव आवडली तर द्या. मामांनी दोन घोटांत "ग्वाड मिट्ट हाय, नगं" म्हणून पेला सरकवला, तो डबा शेवटी मुलांनी संपवला.

आणि इच्छा. एके दिवशी मामा म्हणाले, "भडंग खावं वाटतंय." ज्याला पेज उतरत नाही त्यानं तिखट चुरमुऱ्यांचं भडंग! माझा नवरा नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी मिक्सर काढला. भडंगाची अगदी पिठी केली, चाळली, घट्ट गोड दह्यात कालवून दहा मिनिटं भिजू दिली. दोन चमचे गेले. लसूण, शेंगदाणा, तिखटाची ती ओळखीची चव. मामा डोळे मिटून बसले होते. वहीत त्या दिवशी मी 'दोन चमचे' एवढंच लिहिलं, पण त्या दोन चमच्यांनी मला कळलं की मी आतापर्यंत चुकीचं मोजत होते. प्रोटीन किती गेलं हे मोजणं मी सोडलं. आज काही आवडीनं गेलं का, एवढंच बघायला लागले.

पथ्याचं काय? मामांना पंधरा वर्षांची शुगर. नणंदबाई साखरेच्या डब्यावर पहारा ठेवून. डॉक्टरांनी सांगितलं, आता साखर नेमकी ठेवण्यापेक्षा खाणं महत्त्वाचं, थोडं गोड चालेल. पण त्याहून मोठा धोका दुसऱ्या बाजूला आहे: खाणं निम्म्यावर आलं आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीएवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, बरळणं, ग्लानी. खाणं कमी झालं की त्याच दिवशी डॉक्टरांना डोस विचारा. स्वतःच्या मनानं बंदही करू नका.

किडनीच्या पेशंटचं पथ्य मात्र सैल करायचं तर विचारूनच. बघायला येणारा प्रत्येकजण शहाळं घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. किडनी काम करत नसेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. बेदाण्याचं, केळ्याचंही तेच.

'गोड बंद केलं की कॅन्सर उपाशी मरतो' हे तुम्हाला कुणीतरी सांगणारच. उपाशी मरतो तो पेशंट. आपल्या जिल्ह्याची हळदही वाटीवाटीनं पाजायला सांगतील. भाजीत पडते तेवढी पडू द्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तीची अजिबात नको.

५. भरवताना

पूर्ण उठवून बसवा, निदान लोडाला टेकून अर्धं. हनुवटी किंचित छातीकडं. मान मागं टाकून पाजलं तर हमखास ठसका लागतो. अर्धा चमचा, गिळलेलं दिसल्यावर पुढचा. भरवताना त्यांना बोलतं करू नका, टीव्ही बंद. झाल्यावर अर्धा तास तसंच बसलेलं राहू द्या. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, 'औषध तरी' म्हणूनही नाही. खाल्ल्यावर आवाज घोगरा, ओलसर आला किंवा दुसऱ्या दिवशी ताप-खोकला आला तर अन्न फुप्फुसाकडं गेलं असण्याची शक्यता असते; कळवा.

६. नळी घातली असेल तर

दुसऱ्या महिन्यात मामांना पातळही उतरेना, तेव्हा नाकातून नळी घातली. ती घालायची की नाही हा निर्णय पेशंटला विचारून घ्या. आमचे मामा हो म्हणाले, "नातवाच्या बारशापतुर घाल." काही जण नाही म्हणतात, तेही ऐकायला हवं.

घरी आणण्याआधी नर्ससमोर एकदा स्वतःच्या हातानं करून दाखवा. बघून येत नाही.

हात धुवा. डोक्याकडचा भाग उंच करा, निदान ३० ते ४५ अंश. नाकपुडीजवळ नळीवर पेननं केलेली खूण जागेवर आहे का बघा; सरकली असेल, किंवा नळी तोंडात गुंडाळलेली दिसली, तर काही घालू नका. ५० मिलीच्या सिरिंजचा दांडा काढून नळीला जोडा, आधी ३० मिली पाणी, मग पेज, शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. सिरिंज हातभर उंच धरा, आपोआप उतरू द्या. दांड्यानं रेटू नका. आम्हाला सांगितलेलं प्रमाण दर अडीच-तीन तासांनी २०० मिली. सुरुवात त्याच्या निम्म्यानं. खोकला आला, चेहरा बदलला तर लगेच थांबा, नळी चिमटीत धरा.

सापळे:

नळी तुंबते ती न गाळलेल्या नाचणीनं आणि गोळ्यांच्या भुकटीनं. पेज मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा. गोळ्या एकेक करून वेगळ्या, मध्ये पाणी. जास्त वेळ असर टिकणाऱ्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, कुटल्या की सगळा डोस एकदम अंगात जातो. डॉक्टरांकडून पातळ औषध मागून घ्या. तुंबलीच तर कोमट पाणी हळू हळू. तार घालू नका, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतेय.

नळी निघून आली तर परत सारू नका. एका वेळची पेज चुकल्यानं काही बिघडत नाही, फुप्फुसात गेलेल्या नळीनं बिघडतं.

केलेली पेज दोन तासांच्या वर बाहेर ठेवायची नाही, फ्रिजमधली २४ तासांच्या आत संपवायची. आणि आमच्याकडं लाईट गेली की फ्रिजचा भरवसा नाही, म्हणून मी एका वेळी दोनच फेऱ्यांपुरती करायची.

तोंडानं खात नाहीत म्हणून तोंडाची सफाई सुटते. ती उलट जास्त करा.

७. 'सलाईन तरी लावा'

हे गावातलं प्रत्येकजण म्हणेल, आणि लावणाराही सहज मिळेल. हिशोब बघा. पाच टक्क्यांच्या ग्लुकोजच्या ५०० मिली बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. कॅलरी शंभराच्या आत. साध्या खारट सलाईनमध्ये शून्य. म्हशीच्या दुधाच्या एका पेल्यात ग्लुकोजच्या बाटलीच्या दुप्पट असतं. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर सलाईनचा उपयोग आहे, ते डॉक्टर ठरवतील. पण शेवटच्या दिवसांत शरीराला पाणी पेलवत नाही. हातापायांना सूज येते, छातीत घरघर वाढते, लघवीला हलवावं लागतं. आमच्या चुलतसासऱ्यांनी आणलेल्या माणसाला मी दारातून परत पाठवलं. त्यावरून दोन दिवस बोलणं झालं मला. ते तुमच्याही वाट्याला येईल.

८. मदत कुठं मागायची

२०१२ पासून पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रांच्या ठरलेल्या कामांतही ही सेवा धरलेली आहे. म्हणून गावच्या आशाताई आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या कानावर पहिल्या आठवड्यातच घाला. सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय, जिथं केस चालू आहे तिथं आहारतज्ज्ञांची वेळ स्वतःहून मागा. न मागता कुणी पाठवत नाही.

९. थांबायचं कधी

एक दिवस येतो, माणूस चमचा ओठांनी अडवतो. दिवसातले बहुतेक तास झोपेत जातात, लघवी कमी होते, घोट तोंडातच राहतो. हे आपण खायला कमी घातल्यामुळं होत नाही. आजारच स्नायू झिजवतो आणि भूक मारतो. शरीर बंद पडत येतं तशी त्याला अन्नाची गरज उरत नाही, आणि अशा वेळी बहुतेकांना भूक जाणवतही नाही. जबरदस्तीनं घातलं तर उलटी, ठसका, फुगलेलं पोट. नळीची पेजही डॉक्टरांशी बोलून कमी करत आणतात.

हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, दारात माणसं जमल्यावर नव्हे. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, रोज म्हणायच्या, "वाईच घास घ्या की." एकदा मामांनीच त्यांचा हात धरला, "बास झालं गं." तरी त्या वाटी घेऊन बसायच्या. मग मी त्यांना दुसरं काम दिलं: ओठांना साजूक तूप लावायचं, दर तासाला ओला बोळा तोंडातून फिरवायचा. तहान भागायला तेवढं पुरतं. बोळा ओला हवा, टपकता नको. पाण्याऐवजी आवडीचं काही चालतं. आत्याबाई सकाळी चहात बुडवून, पिळून फिरवायच्या. गुळाचा, आलं घातलेला. मामांची जीभ हलायची.

१०. नंतरचं

उरलेलं मॉर्फिन घरात ठेवू नका, कुणाला देऊ नका. जिथून आणलं तिथं मोजून परत करा आणि परत केल्याचं लिहून घ्या. भाड्याचा बेड ज्या दिवशी परत कराल त्या तारखेपर्यंतचं भाडं लागतं, तेव्हा तिसऱ्या दिवसाच्या गडबडीतही दुकानदाराला फोन करा. पावडरचे न उघडलेले डबे बिल असेल तर बरेच मेडिकलवाले घेतात. आमचा एक उघडलेला राहिला होता, तो शेजारच्या आजींकडं गेला. त्यांना गोड आवडतं.